हाडाच्या कॅन्सरचा मार्कर आणि फॉर्मॅलिनची बाटली

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्याच्या पानावर मागं हाडाच्या आणि कूर्चेच्या कॅन्सरची बातमी आली होती, की गाठीतल्या जीन्सवरून, म्हणजे मोलेक्युलर मार्करवरून, पेशंट किती वर्षं काढेल याचा अंदाज आता बांधता येतो म्हणून. छापली ते बरं केलं. आमच्याकडं कॅन्सर म्हटलं की खर्रा आणि तोंड एवढंच लोकांच्या डोळ्यासमोर येतं, ते चुकीचंही नाही, पण हाडालाही कॅन्सर होतो आणि तो शाळकरी पोरापोरींना होतो हे खेड्यात अजून कित्येकांच्या कानावरही गेलेलं नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. डॉक्टर नाही, डीएमएलटी झालेला टेक्निशियन आहे, रिपोर्टवर सही आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमची असते. तुमच्या बातमीचं कात्रण घेऊन लोक लॅबमध्ये यायला लागले म्हणून हे पत्र लिहायला बसलो. एक बाप आला होता, त्याच्या पोराचं नागपूरला केमो चालू आहे, कात्रण चार घड्या घालून खिशात ठेवलेलं, मला म्हणे, "भाऊ, हे टेस्ट तुमच्याकडं होते काय? माह्या पोराचं कराचं हाये. किती पैशे लागते ते सांगा, मी तूर इकतो." त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला जरा सविस्तर लिहितो, कारण तूर विकायला निघालेले असे आणखी किती असतील.

मार्कर म्हणजे सगळं नवंच आणि सगळं मुंबई-दिल्लीचंच असतं असं काही नाही. हाडाच्या कॅन्सरमधले दोन जुने मार्कर तर आमच्यासारख्या लॅबमध्ये रोज होतात, अल्कलाइन फॉस्फटेज आणि एलडीएच, रक्तात मोजायची ही दोन एन्झाइम. ऑस्टिओसार्कोमा म्हणजे हाड तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर, वाढत्या वयात, बहुतेक करून गुडघ्याच्या वर नाहीतर खाली होतो, त्यात सुरुवातीलाच हे दोन वाढलेले असले तर आजार जड असण्याची शक्यता जास्त, हे डॉक्टरांना कधीपासून माहीत आहे. स्वस्तातली टेस्ट आहे. पण तिच्यातही किती मेख आहे बघा. तेरा-चौदा वर्षांच्या पोराची हाडं वाढत असतात म्हणून त्याचं अल्कलाइन फॉस्फटेज मोठ्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट असणं हे नॉर्मलच असतं, आणि कित्येक रिपोर्टवर रेंज छापलेली असते ती मोठ्या माणसाची, मग मशीन त्याच्यापुढं जास्त म्हणून खूण करते आणि घरचे रडत बसतात. एलडीएचचं तर याहून नाजूक. रक्त नळीत फुटलं, म्हणजे लाल पेशी तुटल्या, की त्यातलं एलडीएच बाहेर येतं आणि आकडा फुकटचा वाढतो. मे महिन्यात आमच्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्या उन्हात रक्ताची नळी खेड्यावरच्या कलेक्शन सेंटरवरून एसटीत हापटत येते, येईपर्यंत वरचं पाणी गुलाबी झालेलं असतं. तसल्या नळीतून आलेल्या एलडीएचवरून कोणाच्या पोराचं आयुष्य मोजणार? आमच्याकडं अशी गुलाबी नळी आली की आम्ही पेशंटला परत बोलावतो, लोक चिडतात, एक दिवसाची मजुरी बुडते त्यांची, पण दुसरा इलाज नाही.

आता जीन्सच्या मार्करबद्दल. बातमीत हाडाचा कॅन्सर असं एकच नाव होतं, पण ते कमीत कमी तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांमध्ये मार्करचा अर्थ वेगळा निघतो.

ऑस्टिओसार्कोमात सगळ्यात मोठी अडचण अशी की त्या गाठीतली गुणसूत्रं पार मोडून भलतीकडं जोडली गेलेली असतात, एका पेशंटची मोडतोड दुसऱ्यासारखी नसते. टीपी-५३ आणि आरबी-१ हे दोन जीन बऱ्याच गाठींमध्ये बिघडलेले सापडतात, पण ज्याच्यावर बोट ठेवून हे बाळ वाचेल आणि हे नाही असं सांगता येईल असा एक जीन अजून हाती लागलेला नाही. हे दोन जीन कामाचे आहेत ते दुसऱ्या कारणानं. ज्या मुलांना लहानपणी डोळ्याचा रेटिनोब्लास्टोमा झाला होता आणि तो आनुवंशिक प्रकारचा होता, त्यांना पुढं हाडाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो, तो आरबी-१ मुळं. टीपी-५३ जन्मापासूनच बिघडलेला असला तर त्या घरात वेगवेगळे कॅन्सर कमी वयात होत जातात. म्हणजे आजोळी-घरी कोणाला काय झालं होतं हे डॉक्टरला नीट सांगणं हीच अर्धी तपासणी झाली, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

दुसरा आजार इविंग सार्कोमा. याच्यात मात्र मार्कर एकदम ठोस आहे. ११ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि ईडब्ल्यूएसआर-१ नावाचा जीन बहुतेक वेळा एफएलआय-१ ला जाऊन चिकटतो, साधारण शंभरातल्या पंच्याऐंशी पेशंटमध्ये हीच जोडी सापडते. मायक्रोस्कोपखाली इविंग म्हणजे नुसत्या बारीक गोल निळ्या पेशी दिसतात आणि तशाच पेशी लिम्फोमात दिसतात, आणखी दोन-चार आजारांतही दिसतात, म्हणून ही जोडणी तपासली की निदान पक्कं होतं, आणि निदानावर केमो ठरतो. म्हणजे हा मार्कर आयुष्याचा अंदाज सांगायच्या आधी औषध कोणतं द्यायचं ते सांगतो, माझ्या मते खरी किंमत त्याची आहे. २०१४ साली असंही पुढं आलं की इविंगमध्ये एसटीएजी-२ आणि टीपी-५३ दोन्ही सोबत बिघडलेले असले तर आजार जास्त उग्र जातो.

तिसरा कॉन्ड्रोसार्कोमा, कूर्चेचा. कूर्चा म्हणजे सांध्यातलं, कानाच्या वरच्या भागात हाताला लागतं तसलं मऊ हाड. हा लहान पोरांचा आजार नाही, चाळिशी-पन्नाशीनंतरचा, कमरेच्या हाडात, मांडीत, खांद्यात होतो आणि याच्यावर केमो आणि शेक (रेडिएशन) दोन्ही फारसे चालत नाहीत, ऑपरेशन करून पूर्ण गाठ काढणं हाच उपाय. २०११ मध्ये कळलं की यातल्या जवळपास निम्म्या गाठींमध्ये आयडीएच-१ नाहीतर आयडीएच-२ हा जीन बदललेला असतो. त्यावरून पेशंट किती जगेल? काही अभ्यास म्हणतात हा बदल असला तर वाईट, काही म्हणतात फरकच पडत नाही. टर्ट नावाच्या जीनचा बदल मात्र उग्र गाठींशी जास्त जोडलेला दिसतो. आयडीएच-१ ला रोखणारी इव्होसिडेनिब नावाची गोळी ब्लड कॅन्सरमध्ये २०१८ पासून अमेरिकेत वापरात आहे आणि कॉन्ड्रोसार्कोमात तिच्या ट्रायल झाल्या आहेत, म्हणून आयडीएच पाहून ठेवण्याला अर्थ आहे. पण आज या आजारात जगण्याचा अंदाज सगळ्यात भरवशाचा कशावरून येतो तर साध्या मायक्रोस्कोपखालच्या ग्रेडवरून, म्हणजे पेशी किती उग्र दिसतात त्यावरून. पहिल्या ग्रेडवाले दहा वर्षांनी शंभरातले ऐंशीच्या वर जिवंत असतात, तिसऱ्या ग्रेडमध्ये तेच तिशीच्या आसपास येतं. त्यासाठी हाडाच्या गाठी रोज पाहणारा पॅथॉलॉजिस्ट पाहिजे, आणि तो पण एक्स-रे समोर ठेवून पाहणारा, कारण कूर्चेच्या गाठीत नुसत्या स्लाइडवरून साधी गाठ आणि पहिल्या ग्रेडचा कॅन्सर यात फरक करणं मोठमोठ्यांनाही कठीण जातं.

आता त्या बापाच्या मनात जे होतं ते. त्याला वाटलं टेस्ट केली की पोराच्या नावापुढं वर्षं लिहून येतील. तसं होत नाही. हवामान खातं पावसाळ्याच्या तोंडावर सांगतं की यंदा सरासरीइतका पाऊस पडेल, ते खरंही ठरतं, पण त्यावरून माझ्या वावरात पऱ्हाटी जगेल का वाळेल हे कोणी सांगू शकत नाही. मार्कर शंभर जणांच्या गटाबद्दल बोलतो, त्यातलं तुमचं लेकरू कुठल्या बाजूला पडेल हे तो बोलत नाही. शिवाय हा आजार दुर्मिळ, वर्षाला दहा लाखांत तीन-चार जणांना ऑस्टिओसार्कोमा होतो, म्हणून अभ्यास होतात तेही कुठं चाळीस तर कुठं साठ पेशंटवर, आणि एका अभ्यासात चमकलेला मार्कर दुसऱ्या हॉस्पिटलच्या पेशंटवर लावून पाहिला की कित्येकदा उतरत नाही. बातमी लिहिताना किती पेशंटवर पाहिलं हा आकडा द्यावा, वाचणाऱ्याला लगेच वजन कळतं.

आणि समजा मार्करनं वाईट सांगितलं, तर पुढं काय? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऑस्टिओसार्कोमात पहिले केमो देतात, मग ऑपरेशन करून गाठ काढतात आणि काढलेल्या गाठीत किती टक्के पेशी मेल्या ते मोजतात. ९० टक्के किंवा जास्त मेल्या असतील तर चांगलं, कमी मेल्या तर पुढं धोका जास्त. अंदाज सांगणाऱ्या गोष्टींत ही पक्की धरली जाते, वर्षानुवर्षं टिकलेली. मग डॉक्टरांना वाटलं की ज्यांच्या पेशी कमी मेल्या त्यांना ऑपरेशननंतर आणखी दोन औषधं वाढवून द्यावी. युरामॉस नावाची मोठी ट्रायल झाली, युरोप-अमेरिका मिळून १७ देश, २००५ ते २०११ पर्यंत २,२६० पेशंट घेतले. २०१६ मध्ये निकाल आला, की औषधं वाढवून फायदा काही झाला नाही, साइड इफेक्ट तेवढे वाढले. म्हणजे अंदाज बरोबर होता पण त्या अंदाजावर करता येण्यासारखं हाताशी काही नव्हतं. म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगतो की कोणी हजारोंची मोलेक्युलर टेस्ट लिहून दिली तर डॉक्टरला सरळ विचारा, साहेब, हिचा रिपोर्ट आला की उपचार बदलणार आहे का? बदलणार असेल तर जरूर करा, उधार घेऊन करा. बदलणार नसेल तर तो पैसा पोराच्या अंडी-दुधाला, गाडीभाड्याला ठेवा. केमोत पोरगं अर्धं होऊन जातं, खायला पाहिजे त्याला.

उपचारांनी या आजारात किती फरक पडला ते पण सांगायला हवं, नाहीतर माझ्या पत्रानं कोणी हातपाय गाळायचं. केमो नव्हता तेव्हा नुसता पाय कापायचे आणि तरी पाचातलं एखादंच वाचायचं, कारण पाय कापायच्या आधीच बारीक बारीक पेशी फुफ्फुसात जाऊन बसलेल्या असायच्या. १९८६ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला, त्यात नुसत्या ऑपरेशनवर ठेवलेल्यांपैकी दोन वर्षांनी आजार न उलटलेले १७ टक्के होते आणि केमो घेतलेल्यांत ६६ टक्के. आज आजार पसरायच्या आत आलेल्या आणि पूर्ण उपचार झालेल्या शंभरातली साठ-सत्तर मुलं पाच वर्षांनी जिवंत असतात, बऱ्याच जणांचा पायही वाचतो. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं तर आपल्याकडच्या परिस्थितीला झेपेल असा ओजीएस-१२ नावाचा प्रोटोकॉल चालवला, त्यात हाय डोस मेथोट्रेक्झेट नाही, कारण त्या औषधात रक्तातली लेव्हल सारखी मोजत बसावं लागतं. पण तेच पोरगं फुफ्फुसात गाठी घेऊन पोचलं तर साठ-सत्तरचे वीस-तीस होतात. एवढा मोठा फरक पाडणारा जीन मला तरी माहीत नाही. आणि हा मार्कर कळायला साधा एक्स-रे आणि छातीचा सीटी पुरतो.

आमच्याकडं मात्र तो एक्स-रेच वेळेवर निघत नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रोडनं धावतात, गुडघा दुखला की वाटतं धावण्यानंच लचकला असेल. मग गावातला मालिशवाला, मग गरम विटेचा शेक, मग मेडिकलमधून दुखण्याची गोळी, मग सोयाबीन निघालं की जाऊ दवाखान्यात. लचकलेलं दुखणं आराम केला की कमी होतं. हे दुखणं रात्री वाढतं, झोपेतून उठवतं, आठवड्यागणिक सूज वाढत जाते, हाताला टणक लागते. दोन-तीन आठवड्यांत कमी न झालेलं, एकाच जागेचं, सुजेचं दुखणं असेल तर एक्स-रे काढायलाच पाहिजे, दोन बाजूंनी. आणि आपल्या भागात सिकलसेल आहे, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाट सगळीकडं, त्या लेकरांची हाडं तशीही दुखतात म्हणून त्यांच्या दुखण्याकडं घरचे आणि दवाखानेही सिकलसेलचंच म्हणून बघतात. सिकलसेल आहे म्हणून एक्स-रे नको असं होत नाही, उलट एकाच हाडावर सूज आली की त्या लेकराचा आधी काढा.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुळात हे पत्र लिहितोय ती, कारण ती तुमच्याच काय, कोणाच्याच बातमीत मी वाचलेली नाही. मार्कर वाचला जातो मुंबईत नाहीतर नागपुरात, पण तो वाचण्याजोगा राहतो का नाही हे ठरतं इथं, तुकडा काढला त्या दिवशी, तो कशात ठेवला त्यावर.

गाठीचा तुकडा काढला की तो ताबडतोब फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा न सडता टिकवणाऱ्या द्रावणात, गेला पाहिजे, दहा टक्क्यांचं, न्यूट्रल बफर केलेलं, आणि तुकड्याच्या दहापट तरी. आमच्याकडं तुकडे कसे येतात सांगू? कधी सलाइनमध्ये, कधी स्पिरिटमध्ये, कधी औषधाच्या रिकाम्या बाटलीत कोंबलेला, बाटलीचं तोंड एवढं लहान की तुकडा काढायला बाटली फोडावी लागते. सलाइनमध्ये तुकडा सडतो, पेशी ओळखूसुद्धा येत नाहीत. हे झालं कोणत्याही तुकड्याचं. हाडाच्या तुकड्याचं त्याच्यापुढं आणखी एक आहे. हाड टणक, ब्लेडनं त्याचा पापुद्रा निघत नाही, म्हणून त्यातलं कॅल्शियम काढून ते मऊ करावं लागतं, आम्ही त्याला डीकॅल म्हणतो. जोरदार ॲसिडमध्ये टाकला की हे काम एखाद दिवसात होतं, रिपोर्ट लवकर जातो, सगळे खूश. ईडीटीए नावाच्या सौम्य केमिकलमध्ये तेच व्हायला कित्येक दिवस, जाड तुकड्याला आठवडेही लागतात. पण ॲसिड नुसतं कॅल्शियम नाही खात, पेशीतला डीएनएसुद्धा तोडून टाकतं. स्लाइड रंगवली की पेशी ठीकठाक दिसतात, रिपोर्टही निघतो, आणि मग पुढच्या हॉस्पिटलात त्याच तुकड्यावर ईडब्ल्यूएसआर-१ ची फिश टेस्ट (जीन तुटून जोडला का ते चमकत्या ठिपक्यांवरून दाखवणारी) लावली की सिग्नलच येत नाही.

आमच्या भागातल्या एका पोरीचं असंच झालं. मांडी दुखायची, अंगात ताप, ईएसआर (इन्फेक्शनमध्येही वाढणारी रक्ताची टेस्ट) वाढलेला, म्हणून हाडात पू झाला समजून अँटिबायोटिक चालली बरेच दिवस (इविंग असाच फसवतो, ताप आणि ईएसआर दोन्ही त्यात असतात). शेवटी एका ठिकाणी तुकडा काढला, दुसऱ्या ठिकाणी ॲसिडमध्ये डीकॅल झाला, रिपोर्ट आला गोल पेशींची गाठ, पुढची तपासणी करावी. घरच्यांनी पैसे भरून फिश लावली, उत्तर आलं की सॅम्पल तपासणीयोग्य नाही. पुन्हा बायोप्सी, पुन्हा भूल, पुन्हा खर्च, आणि केमो तेवढा पुढं गेला. तिच्या आईनं मला विचारलं, "पयल्या खेपेलेच बराबर काऊन नाही काढला जी?" पहिल्या तुकड्याचा ब्लॉक मी नंतर हातात घेऊन पाहिला होता. पांढऱ्या मेणाचा बोटाच्या पेराएवढा चौकोन, मधोमध तांदळाच्या दाण्याएवढे दोन तुकडे, कडेला पेन्सिलनं नंबर. एवढ्याशा वस्तूत त्या पोरीचं सगळं निदान होतं आणि ते ॲसिडमध्ये विरघळून गेलेलं.

याच्यावर उपाय महागडा नाही. हाडाच्या गाठीला बहुतेक वेळा एक मऊ भाग असतो जो ब्लेडनं सरळ कापला जातो, तो भाग वेगळा काढून ॲसिड न लावता त्याचा वेगळा ब्लॉक करायचा, आणि टणक भाग ईडीटीएत ठेवायचा. बस. चार पैशांचं केमिकल आणि थोडी सबुरी. पॅथॉलॉजिस्ट मंडळींना हे माहीत असतं, पण सर्जन फोन करून विचारतो रिपोर्ट कधी, पेशंटचे नातेवाईक दारात उभे, आणि बाटलीसोबत जो फॉर्म येतो त्यावर कित्येकदा लिहिलेलं असतं नुसतं गाठ, मांडी. एक्स-रे नाही, वय नाही, इविंगचा संशय आहे असा एक शब्द नाही. मग लॅबवाल्याला कसं कळणार की याचा डीएनए जपायचा आहे?

त्याहून बरं म्हणजे बायोप्सी इथं करूच नये. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. हेन्री मँकिन नावाच्या अमेरिकेतल्या हाडाच्या सर्जननं १९८२ मध्ये आणि परत १९९६ मध्ये शेकडो पेशंटच्या बायोप्सी तपासल्या, आणि दोन्ही वेळा हेच दिसलं की जिथं पुढचे उपचार होणार नाहीत तिथं बायोप्सी केली की चुका कितीतरी पटीनं वाढतात, दुसऱ्या अभ्यासात तर दोन ते बारा पट. चीर चुकीच्या जागी गेली की गाठीच्या पेशी त्या वाटेनं मांसात पसरतात आणि जो पाय वाचला असता तो कापावा लागतो. म्हणून एक्स-रेत शंका आली की तुकडा न काढता, चिरा न देता, पेशंटला पुढं पाठवा. नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मिहानला एम्स आहे, वर्ध्याकडं सेवाग्राम आणि सावंगी आहे. पूर्वीसारखं प्रत्येकाला मुंबईच गाठावी लागते असं राहिलेलं नाही.

तरी मुंबईला जाणारे जातातच आणि जावंही लागतं, त्यांच्यासाठी थोडं. बायोप्सी झाली असेल तर निघताना स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक दोन्ही मागून घ्या, नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. ब्लॉक तुमच्या लेकराच्या अंगातला आहे, मागायला लाजायचं कारण नाही. काही ठिकाणी द्यायला कुरकुर करतात, उद्या या, साहेब सुट्टीवर आहेत, असं चालतं, आणि तिकडं विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट निघालेलं असतं. ब्लॉक उन्हात ठेवू नका, मेण आहे, वितळतं, एसटीच्या टपावरच्या पेटीत तर नकोच, प्लॅस्टिकच्या डबीत घालून अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचाराला जाताना स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो. राहायला दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा आहे. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा माणूस, त्याच्या नावानं उभ्या राहिलेल्या त्या जागेत आज टाटाचे पेशंट राहतात, तिथं आपल्याकडची माणसं भेटतात, कुठल्या खिडकीवर कोणता कागद लागतो ते तीच सांगतात.

सरकारकडं माझं मागणं मोठं नाही. जी टेस्ट औषध ठरवते, म्हणजे इविंगची फिश, ती जन आरोग्य योजनेच्या पेशंटला खिशातून एक रुपया न घालता मिळाली पाहिजे आणि ती मिळते हे हॉस्पिटलच्या भिंतीवर मराठीत लिहिलेलं पाहिजे. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात तयार फॉर्मॅलिन भरलेल्या रुंद तोंडाच्या बाटल्या असल्या पाहिजेत. आयुष्याचा अंदाज सांगणाऱ्या बाकीच्या टेस्ट संशोधनासाठी करायच्या तर जरूर करा, आपल्याकडच्या पेशंटवर व्हायलाच पाहिजेत, पण त्याचं बिल पेशंटनं का भरायचं?

आणि साहेब, तुम्हाला विनंती, हा विषय एका बातमीवर सोडू नका. नागपुरातल्या हाडाच्या कॅन्सरच्या एखाद्या सर्जनची आणि सोबत एका पॅथॉलॉजिस्टची मुलाखत छापा, त्यांना विचारा की खेड्यातून येणारे पेशंट कोणत्या अवस्थेत येतात, किती जणांची बायोप्सी परत करावी लागते, कोणती मोलेक्युलर टेस्ट कोणाला खरंच लागते आणि कोणाला नाही. शाळा उघडायच्या सुमारास छापली तर आणखी चांगलं, पीटीचे सर वाचतील, पोरांचे गुडघे पहिले त्यांनाच दिसतात. मुलाखतीचं ते पान मी लॅबच्या बाहेर, रक्त द्यायला लोक बसतात त्या बाकाच्या वर लावीन.

आपला वाचक,
एक लॅब टेक्निशियन,
जि. यवतमाळ